झडतीचा धनी

ग्रामपंचायतीच्या ओट्यावर सतरंजी अंथरली जात होती आणि रूपराव खुर्चीत बसून आपल्याच हाताने लिहिलेला कागद चौथ्यांदा वाचत होते. तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष म्हणून तडजोडीचा मसुदा त्यांनीच केला होता. मोहखेडीत त्यांच्याइतकं वळणदार अक्षर आणि त्यांच्याइतकी सफाईची भाषा दुसऱ्या कोणाची नाही, हे गाव मानत आलं होतं. कागदावर पक्षकार क्रमांक एक होता नत्थू आणि क्रमांक दोन कैलास. तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं, ‘दोन वर्षांपूर्वी पोळ्याच्या दिवशी मी स्वतः रचलेली झडती म्हणून कैलास यांच्या कुटुंबाचा अपमान केला, त्याबद्दल मी माफी मागतो.’

‘स्वतः रचलेली’ हे शब्द आदल्या दिवशी लिहिताना हात अडखळला नव्हता. आता वाचताना नजर तिथून पुढे सरकत नव्हती. ती झडती नत्थूने रचलेली नव्हती. ती रूपरावांनी रचली होती.

पोळ्याला गावातल्या बैलजोड्या तोरणाखाली ओळीने उभ्या राहतात. तोरण तुटायच्या आधी कोणीतरी पुढे होऊन चार ओळींची झडती खणखणीत आवाजात म्हणतो आणि शेवटी सगळं गाव ‘हर हर महादेव’ करतं. झडतीत देवाचं नाव असतं, पाऊसपाणी असतं, आणि गावातल्या कोणाची तरी खोडी काढलेली असते. मोहखेडीत झडती रचणारा एक आणि म्हणणारा दुसरा, अशी पद्धत पडली होती. रूपरावांचे वडील रचत, नत्थूचे वडील म्हणत. पुढे रूपराव रचू लागले आणि नत्थू म्हणू लागला. नत्थूचा आवाज असा की पांदणीच्या टोकाला उभ्या माणसाला प्रत्येक शब्द सुटा ऐकू यावा. म्हणणाऱ्याने रचणाऱ्याचं नाव घ्यायचं नाही, हा नेम; त्यामुळे रूपराव रचतात हे त्या दोन घरांबाहेर कोणाला माहीत नव्हतं. ज्याची खोडी निघाली त्याने संध्याकाळी म्हणणाऱ्याला घरी बोलवायचं, दोन शिव्या हासडायच्या, पुरणपोळी वाढायची, की विषय संपला. पन्नास-साठ वर्षांत तो दरवर्षी संपला होता. त्या एका वर्षी संपला नाही.

तोरणाखालून पहिली जोडी जाण्याचा मान कैलासच्या घराचा, दुसरी रूपरावांची. रूपरावांचे आजोबा दुसरे, वडील दुसरे आणि तेही दुसरे. त्या वर्षी आषाढात कैलासचे वडील प्रभाकरराव वारले. दवाखान्याच्या धावपळीत कैलासने बैलजोडी विकली आणि ती गोष्ट घराबाहेर जाऊ दिली नाही. गावाला फक्त त्याच्या मेव्हण्याचा ट्रॅक्टर दिसत होता. पोळ्याच्या आठ दिवस आधी तो रूपरावांकडे आला. बाप गेल्यावर बापाच्या जागी मानायचा माणूस म्हणून आला.

“काका,” तो म्हणाला, “बैल नाई राह्यले. आईले वाटते, बाबा गेल्यावरचा पह्यला पोळा हाय, जोडी तोरनाखालून गेली पाह्यजे. सिंदीहून सासऱ्याची जोडी आनतो. तुमालेच सांगून राह्यलो, कोनाले बोलजा नका.”

“नाई बोलत, बावा,” रूपराव म्हणाले. “आन तू.”

तो गेला. रूपराव बाजेवर बसून राहिले. प्रभाकरराव गेल्यापासून त्यांच्या मनात एक हिशेब चालला होता, आणि तो त्यांनी बायकोलाही सांगितला नव्हता. त्यांना वाटत होतं, या वर्षी दुखवट्याचं घर म्हणून कैलास मागे राहील आणि पंच येऊन म्हणतील, रूपराव, तुमची जोडी पुढे घ्या. त्यासाठी त्यांनी वर्ध्याहून नवीन झूल आणून ठेवली होती. त्या दुपारी शाळेच्या वहीच्या पाठकोऱ्या पानावर त्यांनी चार ओळी जुळवल्या. दहा मिनिटंही लागली नाहीत.

*बैल इकले बाजारात, टॅक्टर उभा दारी,*
*सासऱ्याच्या बैलायवर मानाची सवारी.*
*शिंगाले लावली बेगड, पाठीवर टाकली झूल,*
*उसनी आनली जोडी अन् गावाले देल्ली हूल.*

नत्थू विहिरीवर पाय धूत होता. कागद वाचून तो हसला. चौथीपर्यंत शिकलेला, पण झडती एकदा वाचली की पाठ.

“खरंच सासऱ्याची जोडी हाय का, रूपभाऊ?”

“पाहशील ना.”

बैल का विकले ते नत्थूला माहीत नव्हतं आणि रूपरावांनी सांगितलं नाही.

पोळ्याला गाव पोट धरून हसलं. कैलास जोडीच्या पुढे उभा होता. त्याची आई शकुबाई ओवाळायचं ताट घेऊन तोरणाच्या पलीकडे उभी होती. कैलासने कासरा ओढला, जोडी जागच्या जागी फिरवली आणि ओळीच्या उलट दिशेने घरी नेली. तोरणासमोरून जोडी माघारी गेलेली मोहखेडीत कोणी पाहिली नव्हती. हसणं बंद पडलं. मग पंच म्हणाले, रूपराव, तुमची जोडी पुढे घ्या. आणि रूपरावांनी घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कैलास आला. डोळे सुजलेले होते.

“काका, मी तुमच्याबिगर कोनाले सांगतलं नव्हतं.”

त्याने संशय घेतला नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं आणि तो विचारायला आला होता. रूपराव म्हणाले, “नत्थूचं वावर तुह्या बैलाच्या कोठ्याले लागून हाय. डोकावला असन तो. त्याले सवयच हाय.”

एवढंच. त्याच दुपारी कैलासने आपल्या शेतातून नत्थूच्या तीन एकरांकडे जाणारी बैलबंडीची वाट बोराटीच्या काट्या टाकून बंद केली. नत्थू विचारायला गेला तेव्हा हातघाई झाली, नत्थूचा एक दात पडला, दोन्हीकडून ठाण्यात तक्रारी गेल्या. कैलासची आळी एका बाजूला झाली, नत्थूची दुसऱ्या. दोन हंगाम नत्थूने आणि त्याच्या घरच्यांनी कापूस डोक्यावरून नाल्याकाठाने वाहिला, दीड किलोमीटर. रब्बीत हरभरा पेरताच आला नाही, कारण बंडी नेता येत नव्हती. मधल्या वैशाखात नत्थूच्या मुलीचं, अंकिताचं लग्न झालं. तीनशे माणसांचा स्वयंपाक होता, जेवली एकशे बारा. रूपराव त्या लग्नात पहिल्या रांगेत होते. त्यांनी माईकवरून वधूवरांना आशीर्वाद दिले आणि गावाने एकोप्याने राहावं असं चार वाक्यांत सुंदर सांगितलं. नत्थू उरलेल्या बुंदीच्या पातेल्यांवर कापड झाकत होता.

पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत गावाने त्यांना तंटामुक्ती समितीचं अध्यक्ष केलं. समजूतदार माणूस, दोन्ही आळ्यांत ऊठबस, म्हणून एकमताने. रूपरावांना बरं वाटलं होतं, हेही नोंदवायला हवं.

नत्थूने वाटेसाठी तहसिलात अर्ज केला होता. तिथून उत्तर आलं, आधी समितीपुढे समझोता होतो का पाहा. कैलास म्हणाला, चारचौघांत माफी मागत असेल तर काट्या काढतो. आदल्या दिवशी रूपराव नत्थूच्या घरी गेले. नत्थू अंगणात विळ्याला धार लावत होता.

“कापूस फुटून राह्यला, रूपभाऊ,” तो म्हणाला. “औंदा बोंड चांगलं हाय. माह्याच्यानं डोक्यावरून नाई होत आता, मान दुखते. मांगतो माफी. त्यात काय जाते? एक दात त गेलाच हाय.”

“नत्थू, तुले वाटत असन का मी—”

“मले काई वाटत नाई.” त्याने विळ्याची धार अंगठ्याने चाचपली. “माह्या बापानं तुमच्या बापाचं नाव कधी काढलं का? मंग. चहा घेता का?”

रूपरावांनी चहा घेतला. घरी येऊन मसुदा लिहिला.

साडेदहापर्यंत ओट्यावर चाळीसएक माणसं जमली. पोलीस पाटील बंडूजी रजिस्टर घेऊन रूपरावांच्या शेजारी बसले. त्यांच्या मागे कोणीतरी कुजबुजलं, चहा कधी?

“चहा सह्या झाल्यावर,” बंडूजी मागे न पाहता म्हणाले. “आंधी देल्ला त अर्धी सभा वावरात जाते.”

कैलास आला तो शकुबाईंना घेऊन. त्यांना खुर्ची दिली, पण त्या खाली सतरंजीवर बसल्या. नत्थू समोरच्या खांबाला टेकून उभा होता. रूपरावांनी मसुदा वाचला. ‘स्वतः रचलेली’ इथे त्यांनी आवाज थोडा खाली घेतला आणि वाक्य पटकन पुढे नेलं.

“काका, कागद राहू द्या,” कैलास म्हणाला. “यानं तोंडानं बोलावं.”

नत्थू पुढे आला. दुपट्टा खांद्यावरून काढून हातात घेतला.

“कैलास, माह्यं चुकलं. तुह्या बापाले जाऊन दोन महिने झाले नव्हते. असं म्हनाले नोको होतं. पन बैल बिमारीपाई इकले हे मले मालूम नव्हतं, खरं सांगतो. मालूम असतं त जीभ उचलली नसती.”

“मालूम नव्हतं?” कैलासचा आवाज चढला. “सासऱ्याची जोडी हाय हे बरं मालूम होतं. काकानं तवाच सांगतलं मले, नत्थू तुह्या कोठ्यात डोकावते म्हनून. सवयच हाय म्हने तुले.”

नत्थूने रूपरावांकडे पाहिलं. फार वेळ नाही. बाजारात पाठमोरा माणूस ओळखीचा वाटावा, त्याने वळावं आणि तो भलताच निघावा, तेवढाच वेळ. मग त्याने मान कैलासकडे फिरवली.

“हो,” तो म्हणाला. “डोकावलो.”

“झडती तुह्यीच?”

“माह्यीच.”

“मागं कोनी नव्हतं?”

“नाई.”

“घे मंग केळझरच्या गणपतीची शपथ.”

सतरंजीवर चुळबुळ झाली. नत्थू दर चतुर्थीला मोहखेडीहून केळझरला पायी जातो. सहा किलोमीटर जाणं आणि सहा येणं, वीस-बावीस वर्षांत ते चुकलेलं नाही. हे सगळ्यांना माहीत होतं, कैलासलाही. म्हणूनच त्याने तो देव मागितला.

“शपथ कायले पाह्यजे, कैलास?” बंडूजी म्हणाले. “कागद होऊन राह्यला ना.”

“कागद काकाच्या हातचा हाय. शपथ याच्या तोंडची पाह्यजे.”

नत्थूने पुन्हा रूपरावांकडे पाहिलं नाही, जमिनीकडे पाहिलं. त्यानंतर किती वेळ गेला हे पुढे कोणालाच नेमकं सांगता आलं नाही. कोणी म्हणे मिनिटभर, कोणी म्हणे लगेच. रूपरावांना मात्र माहीत आहे. ओट्यासमोरच्या रस्त्यावर सेलूकडे जाणारी एसटी आली. थांबली. दोन बाया उतरल्या, एकीने खाली उभं राहून वरून दुसरीची पिशवी घेतली. एक म्हातारा चढला. कंडक्टरने दार लावलं, एसटी हलली, वळणावर दिसेनाशी झाली. एवढा वेळ त्यांच्याकडे होता. या सगळ्या वेळात त्यांच्या डोक्यात एकच विचार चालला होता, की आपण आत्ता बोललो तर ही खुर्ची, हे गाव, हे लोक. बोलण्यातलं पहिलं वाक्य काय असावं, तेही त्यांनी जुळवून पाहिलं. ते चांगलं जुळेना.

नत्थू वाकला. ओट्याखालची चिमूटभर माती उचलली, केळझरच्या दिशेने तोंड केलं.

“केळझरच्या गणपतीची आन. झडती माह्यी होती. मागं कोनी नव्हतं.”

मग तो शकुबाईंपाशी गेला आणि पायांवर डोकं ठेवलं. शकुबाईंनी पाय मागे ओढले. “राहू दे, नत्थू. झालं ते झालं. ऊठ.” त्यांच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. नत्थूने कागदावर सही केली. कैलासने केली. बंडूजींनी कागद आणि पेन रूपरावांपुढे सरकवलं. खाली नेहमीची ओळ होती, ‘वरील मजकूर समितीसमोर खरा ठरला आहे. अध्यक्ष.’

रूपरावांनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं.

“झडती माह्यी हाय,” ते म्हणाले.

“काय म्हनता?” बंडूजींनी कान पुढे केला.

“झडती मी रचली. नत्थूनं फक्त म्हटली.”

कोणी ओरडलं नाही. मागच्या बाजूला कोणीतरी हसू दाबल्यासारखा आवाज केला आणि एक बाई हलकेच म्हणाली, “घ्या. झडती दोन वर्सानं संपली.” कैलास उठून उभा राहिला होता. तो रूपरावांच्या समोर आला, पण हात उचलण्यासाठी नाही. त्याला अजून विचारायचं होतं, त्या सकाळी विचारलं होतं तसंच.

“काका, मी इश्वासानं सांगतलं होतं तुमाले.”

“हो.”

“अन् दुसऱ्या दिवशी इचाराले आलतो.”

“हो.”

“तवा तुमी याचं नाव घेतलं.”

रूपरावांना तिसऱ्यांदा ‘हो’ म्हणता आलं नाही. त्यांनी मान हलवली. कैलासने नत्थूकडे पाहिलं, त्याच्या तोंडातल्या दाताच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं आणि चटकन नजर काढून घेतली.

“दोन वर्सं,” तो म्हणाला. कोणाला उद्देशून ते कळलं नाही. “दोन वर्सं मी याले नाल्यानं चालवलं. याच्या पोरीच्या लग्नात कोनाले जाऊ देल्लं नाई.” तो ओट्यावरून उतरला, चपला पायात न घालता हातात घेतल्या आणि तसाच अनवाणी चालू लागला. बंडूजींनी हाक मारली, “कुठं चालला?” त्याने मागे न वळता सांगितलं, “काट्या काढाले.”

आता सगळे नत्थूकडे पाहत होते. तो सुटला होता, निदान लोकांना तसं वाटत होतं. कोणीतरी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याने तो झटकला.

“आता बोलले तुमी,” तो रूपरावांना म्हणाला. गावभर ऐकू जाणारा त्याचा आवाज या वेळी अगदी खाली होता. “शपथेच्या आंधी काऊन नाई बोलले? माफी मी मांगली, त्याचं काई नाई. दात गेला, त्याचं काई नाई. तुमचं नाव मी मरेस्तोर घेतलं नसतं. पन देवापुढं मले खोटं केलं तुमी.”

“नत्थू—”

“अन् डोकावतो म्हने मी. बावीस वर्सं तुमच्या घरातून येतो-जातो, सांगा या लोकायले, कवा डोकावलो?”

“कधी नाई.”

“मंग.” त्याने दुपट्टा खांद्यावर टाकला. “मी चाललो केळझरले. आज चतुर्थी नसली तरी जातो.”

तो गेला. बंडूजींनी कागद उचलला आणि तो फाडावा की ठेवावा याचा विचार करत दोन बोटांत धरून राहिले.

“फाडा,” शकुबाई म्हणाल्या.

“फाडता येत नाई, काकू. रजिस्टरात नंबर पडला याचा.”

“मंग दुसरा लिवा.”

“कोन लिवन?”

“ज्यानं पह्यला लिवला त्यानं.”

रूपराव खुर्चीतून उठले. कोणी त्यांना उठा म्हटलं नव्हतं, पण उठल्यावर कोणी बसाही म्हटलं नाही. ते सतरंजीवर शकुबाईंसमोर मांडी घालून बसले. बंडूजींनी कोरा कागद दिला आणि खाली रजिस्टर ठेवलं. गाव पाहत होतं. चहा करणाऱ्याने स्टोव्ह बंद केला होता, त्यामुळे पेनाचा आवाजही ऐकू येत होता.

त्यांनी पाच ओळी लिहिल्या.

“वाचा,” शकुबाई म्हणाल्या.

“‘पोळ्याच्या पवित्र दिवशी माझ्याकडून अनवधानाने काही शब्द—’”

“अनवधानानं म्हंजे काय, भाऊजी?”

“म्हंजे... ध्यान नसताना.”

“चार ओळी जुळवल्या तवा ध्यान नव्हतं?”

रूपरावांनी ती ओळ खोडली. पुन्हा लिहिलं. पुन्हा वाचायला सांगितलं गेलं. या वेळी त्यात ‘गैरसमजातून’ असा शब्द होता.

“कोनाचा गैरसमज? कैलासनं त तुमाले समदं खोलून सांगतलं होतं.”

तोही खोडला. मागून एक म्हातारा दुसऱ्याला म्हणाला, “मास्तरीननं नापास केलं यायले.” कोणी हसलं नाही, आणि म्हाताऱ्यालाही मग बोललो याचं वाईट वाटलं असावं, कारण तो खोकू लागला.

“भाऊजी,” शकुबाई म्हणाल्या, “तुमाले भाषा येते हे गावाले मालूम हाय. ते नोका दाखवू. काऊन केलं ते लिवा.”

रूपरावांना हे सगळ्यात कठीण गेलं. दोन वर्षं त्यांनी स्वतःला सांगितलं होतं की गंमत केली, पोळ्याला चालतं, कैलास फार मनाला लावून घेणारा पोरगा आहे. का केलं, हे त्यांनी स्वतःलासुद्धा एका वाक्यात कधी सांगितलं नव्हतं. मग ते लिहू लागले. अक्षर वळणदार राहिलं नाही.

लिहून झाल्यावर त्यांनी कागद शकुबाईंच्या हातात दिला. त्यांनी तो डोळ्यांजवळ धरून स्वतः वाचला, ओठ हलवत, सावकाश. वाचून झाल्यावर एकदाच डोळे मिटले.

“हे ठीक हाय,” त्या म्हणाल्या. “पन हे मले काऊन देता? मले त आता मालूम पडलं. हे ज्याच्यावर टाकलं होतं त्याले वाचून दाखवा.”

“तो गेला, वहिनी.”

“पायी गेला ना. मंग पायी गाठा.”

बंडूजी म्हणाले, गाडीवर सोडतो. रूपराव नको म्हणाले. ओट्यावरून खाली उतरताना त्यांना रस्ता करून द्यावा लागला नाही. लोक आधीच बाजूला झाले होते. नेहमी लोक त्यांच्यासाठी बाजूला होत ते वेगळं होतं.

ऑक्टोबरचं ऊन चढलं होतं. दोन्ही बाजूंना कपाशी उभी होती. गावाबाहेर कैलासच्या शेतापाशी तो वाकून काट्या ओढत होता, हातावर ओरखडे, अजून अनवाणी. त्याने रूपरावांना जाताना पाहिलं आणि पुन्हा कामाला लागला. हाक मारली नाही. रूपरावांनीही मारली नाही.

घरी आंघोळ करून निघालेला नत्थू त्यांना केळझरच्या अलीकडे दोन किलोमीटरवर दिसला. तो भरभर चालत होता. रूपराव त्रेसष्ट वर्षांचे, त्यांना धाप लागली होती. बरोबरीला यायला त्यांना जवळजवळ पळावं लागलं.

“नत्थू, थांब. वाचून दाखवतो तुले.”

“मी नाई थांबत. मले देवाले तोंड दाखवाचं हाय. तुमाले वाचाचं असन त चालता चालता वाचा.”

रूपराव शेजारून चालू लागले. कागद हातात हलत होता, अक्षरं धड लागत नव्हती.

“‘मी रूपराव. पोळ्याचा पहिला मान मला मिळेल असं मला वाटत होतं. तो मिळणार नाही हे कळल्यावर माझ्या पोटात दुखलं. कैलासने विश्वासाने सांगितलेली गोष्ट मी झडतीत घातली आणि ती नत्थूला म्हणायला लावली. कैलासने विचारलं तेव्हा मी नत्थूचं नाव सांगितलं. नत्थू कोणाच्या घरात कधी डोकावला नाही. हे मी दोन वर्षं लपवलं. आज नत्थूने माझ्यासाठी खोटी शपथ घेतली तेव्हाही मी समोर गप्प बसलो होतो.’”

एक ट्रॅक्टर आवाज करत शेजारून गेला. नत्थू समोर पाहत चालत राहिला.

“ऐकू नाई आलं,” मग तो म्हणाला.

रूपरावांनी पुन्हा सुरुवात केली.

“असं नाई. तुमी पोटातल्या पोटात वाचून राह्यले.” नत्थूने अजून त्यांच्याकडे पाहिलं नव्हतं, पण चाल थोडी मंदावली होती. “मोठ्यानं म्हना.”

पुढे फाट्यावर एसटीची वाट पाहत सात-आठ माणसं उभी होती. त्यात मोहखेडीचं कोणी नव्हतं. पण रूपरावांना ओळखणारे दोघे-तिघे होते, एकाने हात जोडून नमस्कारही केला. रूपरावांनी घसा साफ केला. कागद दोन्ही हातांनी नीट धरला.

“मी रूपराव,” ते मोठ्याने म्हणाले, आणि फाट्यावरची माणसं वळून पाहू लागली.